काचेच्या पेटींत मासे किती?

दिवाणखान्यांत काचेची पेटी आली, तिच्या तळाला वाळू पसरली, वर पाणी भरलें, आणि मासे आणावयास गृहस्थ बाजारांत निघाला, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, कीं मासे आणावेत तरी किती? प्रश्न दिसावयास लहान आहे. मुलें म्हणतात पुष्कळ आणा. दुकानदारहि तेंच म्हणतो. आणि पंधरा दिवसांनीं दोन-चार मासे उलटे होऊन पाण्यावर तरंगूं लागले, म्हणजे घरांतील वडील माणसें विचारतात, हा जीव घेण्याचा खेळ हवा कशाला?

ह्या लहानशा प्रश्नास पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे. त्या अवधींत तीन निरनिराळीं उत्तरें पुढें आलीं, आणि प्रत्येक उत्तर त्या त्या काळच्या लोकांस अखेरचें वाटलें. पुढें पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या सरोवरांतील सिक्लिड नांवाचे रंगीत मासे घरोघरच्या पेट्यांत आले, आणि हीं तिन्ही उत्तरें एकमेकांवर आदळलीं. तीं कशीं, हें समजावयास आरंभापासून पाहिलें पाहिजे.

आरंभ होतो एका पतंगाच्या कोशापासून. लंडन शहरांतील डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड ह्यांनीं १८२९ च्या सुमारास असा एक कोश ओल्या मातींत घालून बाटलींत बंद करून ठेविला. पतंगाची वाट पाहतां पाहतां त्या मातींतून एक नेचा व थोडें गवत उगवलें, आणि बंद बाटलींत तें कांहीं वर्षें जगलें. शहराच्या धुरकट हवेंत जो नेचा बागेंत तग धरीत नव्हता, तो काचेआड टवटवीत राहिला. ह्या अनुभवावरून बनविलेल्या वॉर्डच्या पेट्यांतून पुढें सातासमुद्रांपलीकडे रोपें जाऊं लागलीं. चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या उतारावर आलीं तीं अशाच पेट्यांतून. १८४५ सालीं इंग्लंडांत काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली, आणि रोपें जर काचेआड जगतात तर मासे कां जगूं नयेत, असें जिज्ञासू लोकांच्या मनांत येऊं लागलें.

ह्या शंकेचें उत्तर रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें दिलें. तो लंडनच्या ॲपोथिकरीज हॉलमध्यें, म्हणजे औषधें सिद्ध करणाऱ्यांच्या संस्थेंत, कामाला होता. १८४९ सालीं त्यानें सुमारें बारा गॅलनांच्या एका काचपात्रांत अर्धें पाणी भरलें, तळाला माती व वाळू घातली, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. कांहीं काळानें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं व पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें त्यांत पाण्यांतल्या कांहीं गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं. गोगलगायींचीं अंडीं माशांचें खाद्य झालीं. आणि पाणी न बदलतां निर्मळ राहिलें. मासा कर्बवायु सोडतो तो वनस्पति घेते, वनस्पति प्राणवायु सोडते तो मासा घेतो, असा हिशेब त्यानें मार्च १८५० मध्यें लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. ह्या प्रयोगांतील माशांची संख्या लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बारा गॅलनांच्या पात्रांत मासे होते अवघे दोन.

१८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गवेत्त्यानें ‘दि ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इंग्लंडांतील सुखवस्तु घरांत ह्या छंदाची लाट पसरली. परंतु ज्यांनीं पेट्या घेतल्या त्यांतील बहुतेकांनीं वॉरिंग्टनचा समतोल ऐकला होता, त्याचे दोन मासे मात्र विसरले होते. वनस्पतीचीं चार पानें लावलीं कीं हवे तेवढे मासे जगतील, अशी समजूत झाली. मासे पटापट मरूं लागले, आणि दहा-पंधरा वर्षांत ती लाट ओसरली.

ह्या अपयशांतून हळूहळू एक खरी गोष्ट ध्यानांत आली. माशाला लागणारी हवा मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागांतून आंत जाते. वनस्पति उजेडांत प्राणवायु देतात खऱ्या, पण रात्रीं त्याहि तो घेतात. म्हणून अरुंद तोंडाच्या गोल काचभांड्यांत कांठोकांठ पाणी भरलें तर मासा गुदमरतो, आणि तेंच पाणी पसरट पेटींत ओतलें तर त्यांत दुप्पट मासे जगतात. ह्यावरून माशाच्या लांबीच्या दर इंचास पृष्ठभागाचे इतके चौरस इंच, असे नियम निघाले. माशांची संख्या हवा ठरविते, हें पहिलें उत्तर होय. १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या मत्स्यालयांतील जेम्स ॲट्झ ह्यांनीं ‘समतोल पेटी’ ही एक दंतकथाच आहे असा लेख लिहिला, तेव्हां वॉरिंग्टनच्या प्रयोगास जवळ जवळ शंभर वर्षें झालीं होतीं.

हवेचा प्रश्न यंत्रानें सुटतो, हें दाखविणारा मनुष्य त्यापूर्वींच होऊन गेला होता. विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनचा दुकानदार समुद्राचे प्राणी व पेट्या विकीत असे. पुढें त्यानें १८६४ सालीं हँबुर्ग येथील व १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय उभारलें. लोकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खालीं त्यानें त्यांहून कितीतरी मोठा अंधारा हौद बांधला, आणि पंपानें पाणी रात्रंदिवस वर-खालीं फिरतें ठेविलें. ह्या युक्तीनें टाक्यांतील माशांची संख्या वाढवितां आली. परंतु फिरत्या पाण्यांत माशाचा मळ कोठें जातो, ह्याचें स्पष्टीकरण मात्र लॉइडच्या काळीं हातीं आलें नव्हतें.

तें स्पष्टीकरण आलें सांडपाण्यांतून. १८७७ सालीं श्लोसिंग व म्यूंट्स ह्या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडीनें भरलेल्या उंच नळींतून सांडपाणी सावकाश झिरपविलें. सुमारें वीस दिवस पाण्यांतील अमोनिया जसाच्या तसा खालीं आला. त्यानंतर तो नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हा पालट थांबला. ह्यावरून हें काम निर्जीव वाळूचें नसून तिच्यांत वाढलेल्या सूक्ष्म जंतूंचें आहे, हें ठरलें. इंग्लंडांतील रॉथॅम्स्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रांत एका रसायनशास्त्रज्ञानें हाच शोध पुढें नेला. अमोनियाचें प्रथम नायट्राइट होतें व मग नायट्रेट होतें, आणि ह्या दोन पायऱ्या दोन निरनिराळे जंतु चढतात, असें त्यानें दाखविलें. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्या रशियन पंडितानें ते जंतु वेगळे काढले. रॉथॅम्स्टेडच्या त्या शास्त्रज्ञाचें नांवहि रॉबर्ट वॉरिंग्टन असेंच होतें, कारण दोन सोनेरी मासे पाळणाऱ्या वॉरिंग्टनचा तो पुत्र होय. बापानें काचपात्रांत जें कोडें मांडलें, त्याचा अर्धा उलगडा मुलानें शेताच्या मातींत केला. परंतु त्या उलगड्याचा संबंध माशांच्या पेटीशीं जोडावयास पुढें बराच काळ जावा लागला.

मासा जें खातो त्याचा पुष्कळसा भाग अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांवाटे पाण्यांत परत येतो, आणि अमोनिया हें माशाला विष आहे. गाळणीच्या वाळूंत वा स्पंजांत जंतूंची वस्ती नीट बसली म्हणजे त्याचें नायट्राइट व मग बरेंच सौम्य असें नायट्रेट होतें. ही वस्ती बसावयास कांहीं आठवडे लागतात. श्लोसिंगच्या नळीला वीस दिवस लागले ते ह्याच कारणानें. नवी पेटी आणून त्याच दिवशीं ती माशांनीं भरणाऱ्याचे मासे पंधरवड्यांत कां मरतात, ह्याचें कारण हेंच. माशांची संख्या मळ व गाळणी ठरवितात, हें दुसरें उत्तर होय.

ह्या सुमारास छांदिष्टांत एक सुटसुटीत नियम रूढ झाला: एका गॅलनास एक इंच मासा. नियम तोंडपाठ करावयास सोपा आहे, पण गणितास उतरत नाहीं. माशाची लांबी दुप्पट झाली कीं त्याचें वजन आठपट होतें. सहा इंचांचा एक मासा घ्या, आणि त्याच घडणीचे एक इंचाचे सहा मासे घ्या. लांबीची बेरीज सारखी, पण मोठ्याचें वजन त्या सहांच्या छत्तीसपट भरतें. मळ वजनाच्या मागून जातो, लांबीच्या मागून जात नाहीं. लहान व सडपातळ माशांच्या बाबतींत हा नियम कसाबसा चालतो. मोठ्या माशांच्या बाबतींत तो घात करतो.

आतां आफ्रिकेकडे वळूं. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी सप्टेंबर १८५९ मध्यें न्यासा सरोवराच्या कांठीं पोहोंचला. त्याच्या सोबतचे डॉ. जॉन कर्क ह्यांनीं तेथील मासे गोळा केले, आणि लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील गुंथर ह्यांनीं १८६४ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें रीगन ह्यांनीं व १९३५ सालीं एथेलविन ट्रेवॅव्हस ह्या विदुषीनें न्यासाच्या सिक्लिडांची यादी वाढवीत नेली. १९६४ सालीं न्यासालँड स्वतंत्र होऊन मलावी झालें, तेव्हां सरोवरालाहि मलावी हें नांव पडलें. हें सरोवर साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक लांब व सुमारें सातशें मीटर खोल आहे, आणि त्यांत सिक्लिडांच्या कित्येक शें जाती आहेत. त्यांतील बहुतेक जगांत अन्यत्र कोठेंहि आढळत नाहींत.

ह्यांपैकीं खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांस तेथील कोळी म्बुना म्हणतात. जेफ्री फ्रायर ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत तेथें राहून त्यांचा अभ्यास केला व १९५९ सालीं तो प्रसिद्ध केला. खडकावरील शेवाळाच्या पातळ थरावर असंख्य मासे चरतात. नर आपापल्या दगडाभोंवतीं हद्द आंखून बसतो, आणि परका नर आंत आला कीं त्याच्यावर धांवून जातो. मादी अंडीं व पिलें तोंडांत धरून सांभाळते. भांडणें सारखीं चालतात, पण हारलेला मासा दोन हात पलीकडे पळाला म्हणजे भांडण मिटतें. सरोवरांत पळावयास जागा आहे, हीच तेथील शांततेची गुरुकिल्ली.

१९६० नंतरच्या दशकांत हे निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे विमानांतून युरोप-अमेरिकेंत जाऊं लागले. छांदिष्टांनीं आपल्या सवयीप्रमाणें चार फुटी पेटींत चार-सहा मासे सोडले. पाणी स्वच्छ होतें, हवा भरपूर होती, गाळणी चालू होती. तरी मासे मेले. एक दांडगा नर संपूर्ण पेटी आपली हद्द मानून बसला, आणि पळावयास जागा न उरलेल्या इतरांचे पर त्यानें फाडून टाकले. बळी तो कान पिळी, ह्या न्यायाला काचेच्या भिंतींनीं अधिकच धार आली.

ह्या गोष्टीचें मर्म कॉन्रॅड लोरेंट्झ ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या १९६३ सालच्या आक्रमकतेवरील ग्रंथांत सांपडतें. ज्या सिक्लिडांच्या अनुभवावर त्यानें हें लिहिलें, त्यांत दक्षिण हिंदुस्थान व लंका येथील खाड्यांतला एक लहान पिवळा सिक्लिडहि होता, हें आपल्याकडील वाचकांस मौजेचें वाटेल. नर-मादीची जोडी एकटीच ठेविली, तर राग काढावयास शेजारी न उरल्यामुळें नर मादीलाच मारूं लागतो. मधें काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेविली, तर दोघे नर काचेआडून एकमेकांवर गुरगुरतात व आपापल्या मादीशीं नीट वागतात. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे झाले, कीं नर पुन्हा मादीवर उलटतो. काच पुसली कीं घरांत शांतता! चाळींत राहिलेल्या कोणासहि ह्यांत ओळखीचें कांहींतरी सांपडेल.

छांदिष्टांनीं हीच गोष्ट अनुभवानें गाठली. सहांच्या जागीं अठरा मासे सोडले, तेव्हां दांडग्या नराला एकाच्याच मागें लागतां येईना. त्याचा मार अठरांत वांटला गेला आणि कोणालाच प्राणांतिक झाला नाहीं. सुमारें दोनशें लिटर पाण्याच्या चार फुटी पेटींत पंधरा ते वीस म्बुना, एका नरामागें तीन किंवा अधिक माद्या, आणि आडोशाला दगडांची भरपूर रास, असा रिवाज पडला. माशांची संख्या स्वभाव ठरवितो, हें तिसरें उत्तर. आणि गंमत अशी, कीं जुनीं दोन्ही उत्तरें म्हणत होतीं मासे कमी ठेवा, तर हें तिसरें म्हणूं लागलें मासे वाढवा.

येथेंच खरी अडचण आहे. गर्दीनें भांडण निवळतें, पण मळ वाढतो. त्यांत ह्या सरोवराचें पाणी अल्कधर्मी. त्याचा पीएच अंक आठाच्या आसपास असतो, आणि पेटींतहि तसेंच पाणी ठेवावें लागतें. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं राहतो, व त्यांतील वायुरूप हेंच विशेष घातक. २५ अंश उष्णतेच्या पाण्यांत पीएच सात असतां एकूण अमोनियापैकीं शेंकडा एकाहूनहि कमी भाग ह्या घातक रूपांत असतो. पीएच आठ झाला कीं तो शेंकडा पांचाच्या वर जातो, म्हणजे सुमारें नऊपट होतो. जो मळ सोनेरी माशाच्या पेटींत खपून जातो, तोच मलावीच्या पाण्यांत प्राण घेतो. म्हणून गर्दीची पेटी ठेवणाऱ्यानें मोठी गाळणी बसविली पाहिजे, दर आठवड्यास पाव ते अर्धें पाणी बदललें पाहिजे, आणि हात आंखडून खाऊं घातलें पाहिजे. वीज चार-सहा तास गेली, तर विरळ पेटी निभावते. गर्दीच्या पेटीची हवाहि संपते व गाळणींतले जंतूहि गुदमरतात. गर्दीची शांतता ही विजेच्या तारेला टांगलेली असते.

त्याहूनहि खोल एक प्रश्न उरतो. गर्दींत भांडण थांबतें तें समाधानानें, कीं कोणालाच हद्द आंखतां येत नाहीं म्हणून? २०११ सालीं अमेरिकेंतील रॉनल्ड ओल्डफील्ड ह्यांनीं मध्य अमेरिकेच्या मायडस सिक्लिडांवर प्रयोग प्रसिद्ध केले. घरगुती पेट्यांच्या मापांत जागा किंवा संख्या थोडीशी कमीजास्त करून मारामारींत फारसा फरक पडला नाहीं. पेटी खूप मोठी झाली व तिच्यांत आडोसे पुष्कळ झाले, तेव्हां मात्र ती घटली. हे मासे आफ्रिकेचे नव्हत, म्हणून निष्कर्ष जसाच्या तसा उचलतां येत नाहीं. पण दिशा स्पष्ट आहे. संख्या वाढविणें हा जागेच्या अभावावरील तोडगा आहे. जागेची भरपाई त्यानें होत नाहीं.

गर्दीचा दुसरा परिणाम आपल्या दारांतच पाहावयास मिळतो. आफ्रिकेचाच तिलापिया हा सिक्लिड १९५२ सालीं मत्स्यशेतीसाठीं भारतांत आणला गेला. भीमेवरील उजनीच्या जलाशयाकांठीं लोक त्याला चिलापी म्हणतात. तळ्यांत त्याची बेसुमार दाटी झाली कीं तो मरत नाहीं, पण वाढतहि नाहीं. बोटभर असतांनाच अंडीं घालूं लागतो आणि तळें खुरट्या माशांनीं भरून जातें. मासे जिवंत आहेत म्हणून ते सुखांत आहेत, असें समजणाऱ्यानें हें तळें आठवावें. त्याचाच भाऊबंद कालुंदर गोव्याच्या खाड्यांत मोकळा वाढतो, तो ताटांतल्या आकाराचा होतो.

आणि ज्या सरोवरांतून हे मासे आले, त्याचीहि कथा विसरतां कामा नये. निर्यातीच्या धंद्यांत एका किनाऱ्याचे म्बुना सरोवराच्या दुसऱ्या टोंकाला, थंबी वेस्ट बेटाजवळ, सोडले गेले, आणि ते तेथें ठाण मांडून बसले. ज्या खडकांवर त्यांच्या पूर्वजांनीं कधीं पाऊल ठेविलें नव्हतें, तेथें मूळच्या रहिवाशांशेजारीं त्यांची वस्ती झाली. पुढें १९८० सालीं हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला व १९८४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेला. किती मासे कोठें ठेवावेत, हा प्रश्न पेटीपुरता नाहीं, हें त्या बेटानें शिकविलें.

तेव्हां पावणेदोनशें वर्षांनंतर उत्तर काय? हवेनें सांगितलें पृष्ठभाग पाहा, मळानें सांगितलें गाळणी पाहा, स्वभावानें सांगितलें शेजारी पाहा. तिघेहि खरें बोलले, आणि एकट्याचें ऐकणाऱ्या प्रत्येकाचे मासे मेले. आफ्रिकेच्या सिक्लिडांची पेटी ठेवूं इच्छिणाऱ्यानें म्हणून पैसा जमेल तेवढी लांब पेटी घ्यावी, गाळणींत जंतु वसूं द्यावेत, आणि मगच मासे आणावेत. दांडग्या नराचे रंग पाहून संख्या ठरवूं नये. पेटीच्या कोपऱ्यांत, पाण्याच्या वरच्या थरांत, पर मिटून निपचित उभा राहणारा जो सर्वांत दुबळा मासा, त्याच्याकडे पाहावें. तो खालीं येऊन निर्भयपणें चरूं लागला, तर संख्या बरोबर आहे. तो वरच राहिला, तर मोजणी कोठेंतरी चुकली आहे, मग पुस्तकांतील आंकडा कांहींहि म्हणो.